शेफील्डचे केलम आयलंड संग्रहालय कसे पाहावे

इंग्लंडला मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या मंडळींच्या यादीत लंडन असते, स्कॉटलंडची सहल असते. शेफील्ड सहसा नसते. पोलादाच्या आणि सुऱ्या-कात्र्यांच्या या शहरातील केलम आयलंड संग्रहालय मात्र अर्धा दिवस काढून पाहण्याजोगे आहे, आणि ते नीट पाहायचे असेल तर त्या दिवसाची सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती करावी. ती गोष्ट म्हणजे तेथील ‘रिव्हर डॉन’ इंजिन वाफेवर चालवून दाखवण्याची वेळ.

हे इंजिन दिवसभर चालू नसते. ते ठरावीक वेळी थोडाच वेळ चालवतात आणि देखभालीसाठी कधी बंदही ठेवावे लागते. संग्रहालयही आठवड्याचे सगळे दिवस उघडे नसते. त्यामुळे रेल्वेचे तिकीट काढण्याआधी संकेतस्थळावर त्या दिवसाच्या वेळा आणि प्रवेशशुल्क पाहून घ्यावे. नुसते बंद इंजिन पाहून परतणे म्हणजे लग्नाला जाऊन मांडव पाहून येण्यासारखे आहे.

लंडनच्या सेंट पँक्रसहून शेफील्डला गाडीने सुमारे दोन तास लागतात, मँचेस्टरहून साधारण तासभर. स्थानकावरून मॅलिन ब्रिजकडे जाणारी ट्राम घेऊन शेल्समूरला उतरावे. तेथून संग्रहालय चालत काही मिनिटांवर आहे. जागेच्या नावात बेट असले तरी ते निसर्गाने केलेले नाही. पाणचक्क्यांसाठी डॉन नदीतून काढलेल्या जुन्या पाटामुळे मधला तुकडा वेगळा झाला. नदी इतकी जवळ असल्याचा फटकाही बसतो : जून २००७ च्या पुरात संग्रहालयात पाणी शिरून मोठे नुकसान झाले होते.

इंजिन सुरू होण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधीच जागा धरावी. शेफील्डच्याच डेव्ही ब्रदर्सने १९०५ साली बांधलेले हे तीन सिलिंडरांचे इंजिन १२,००० अश्वशक्तीचे असून ते युद्धनौकांसाठी जाड चिलखती पत्रे लाटण्याच्या कामी होते. लाल तापलेला पोलादाचा ठोकळा रोलरांमधून एकदा पलीकडे आणि लगेच उलटा अलीकडे न्यावा लागे, कारण मध्ये थांबल्यास तो निवून जाई. म्हणून एवढ्या अजस्र यंत्राला सुमारे दोन सेकंदांत उलट्या दिशेने फिरता यावे अशी त्याची रचना आहे, आणि त्याच कारणासाठी त्याला गतिचक्र, म्हणजे फिरण्याचा वेग टिकवून धरणारे जड चाक, दिलेले नाही. प्रात्यक्षिकात बहुतेकांचे डोळे फिरणाऱ्या दांड्यांवर खिळतात. आपण चालकाच्या हातातील तरफेकडे पाहावे. ती तरफ हलते, फिरता प्रचंड अक्ष क्षणभर अडखळल्यासारखा होतो आणि उलटा फिरू लागतो; पोटऱ्यांना जमिनीची थरथर जाणवते. हे इंजिन १९७८ पर्यंत खऱ्या कामावर होते. येथे ते भाराविना चालते, म्हणजे आपण पाहतो ते त्याचे सौम्य रूप असते. लहान मुले सोबत असतील तर आवाजाची कल्पना त्यांना आधीच द्यावी.

त्यानंतर ‘लिटल मेस्टर’ कारागिरांच्या कार्यशाळांकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. मेस्टर म्हणजे त्या भागातील बोलीत मास्टर. आपला ‘मेस्त्री’ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, आणि दोन्ही शब्दांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे, त्यामुळे मराठी माणसाला ही पाटी परकी वाटू नये. हे स्वतंत्र कारागीर लहानशा भाड्याच्या जागेत सुरी घडवणे, धार लावणे किंवा मूठ बसवणे यांपैकी बहुधा एकच काम आयुष्यभर करीत. सहाणेच्या चाकावर ओणवे होऊन धार लावणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची आणि धातूची धूळ जाई, आणि कोरड्या चाकावर काट्यांना टोक काढणारे तर ऐन तारुण्यात मरत. चकचकीत पाती पाहताना हे लक्षात असावे. कोणी कारागीर कामावर असेल, तर त्याचे काम एका टप्प्यावर येईपर्यंत थांबून मगच प्रश्न विचारावा.

बाहेरच्या आवारातील बेसेमर भट्टीपाशी अनेक जण फक्त छायाचित्र काढतात. हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती साधी आहे. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून खालून हवा फुंकली की त्यातील कार्बन जळून जातो, आणि त्या जळण्याच्याच उष्णतेमुळे धातू वेगळ्या इंधनाविना वितळलेला राहतो. वर्किंग्टनच्या कारखान्यातून आणलेली ही भट्टी पाहताना तिच्या तळाकडील हवेची वाट आणि कलंडण्यासाठी केलेली आडव्या खुंट्यांची सोय शोधावी. येथून जवळच्या रॉदरहॅम आणि स्टॉक्सब्रिजचे पोलाद कारखाने २००७ ते २०१७ अशी दहा वर्षे टाटा स्टीलकडे होते, हेही जाता जाता मुलांना सांगता येईल.

बाकीची दालने आपापल्या आवडीप्रमाणे पाहावीत; हॉली संग्रहातील हातहत्यारे मात्र सुतारकामाची किंवा लोहारकामाची आवड असलेल्याने चुकवू नयेत. जुन्या कारखान्याच्या इमारती गार असतात, म्हणून उन्हाळ्यातही अंगात स्वेटर आणि पायांत बंद बूट असावेत. दुसरा दिवस हाताशी असेल, तर शहराच्या नैर्ऋत्येला ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेट येथे मुशीतील पोलादाची भट्टी आणि पाणचक्क्या पाहता येतात. तेथील वेळा वेगळ्या असल्याने त्याही आधी तपासाव्यात.