स्तनात गाठ लागली तर: तपासणी आणि उपचार कोणत्या क्रमाने करावेत

"गाठ हाय, पर दुखत न्हाई बगा, म्हणून ऱ्हायलं." कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतून तपासणीला येणाऱ्या बायकांच्या तोंडून हे वाक्य वारंवार ऐकू येते. दुखले तर धोका आणि न दुखले तर काळजी नाही, हा हिशेब स्तनाच्या बाबतीत उलटा पडतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि ज्या दुखण्याने बाई घाबरून धावत येते ते बहुतेक वेळा पाळीशी जोडलेले, निरुपद्रवी असते. त्यामुळे गाठ दाखवायची की नाही, हे तिच्या दुखण्यावरून ठरवू नये.

पाळी येण्याआधीच्या दिवसांत स्तन भरलेले आणि गुठळ्यांसारखे लागतात. म्हणून हाताने पाहायचे तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात पाहावे. मऊसर गाठ पुढची पाळी होऊनही तशीच राहिली तर दाखवावी. गाठ कठीण असेल, एका जागी घट्ट बसलेली असेल, वरची कातडी आत ओढली जात असेल किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, स्तनाग्र नव्याने आत गेले असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर पाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात आणि घरात कोणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला होता का, हे विचारून जावे. आपल्याकडे आई, मावशी आणि बहीण एवढेच सांगण्याची पद्धत आहे. पण हा वारसा वडिलांकडूनही येतो, तेव्हा आत्या आणि आजीही मोजावी.

निदान तीन पायऱ्यांनी होते: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), आणि गरज असेल तेथे सुईने घेतलेला तुकडा, म्हणजे बायोप्सी. तरुण वयात स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते. म्हणून अशा वेळी सोनोग्राफी आधी करतात, आणि चाळिशीनंतर दोन्ही लागतात. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. या तिन्ही तपासण्यांचा निष्कर्ष जुळला पाहिजे. हाताला संशय येतो आणि सुईचा रिपोर्ट साफ आहे, तर तेथे समाधान न मानता पुन्हा तपास करावा लागतो. सुई लावली की गाठ पसरते, हा समज पुष्कळ घरांत घट्ट बसलेला आहे. त्याला आधार नाही, आणि त्यापायी वाया जाणारे महिने मात्र खरे असतात.

पंधरा ते पस्तीस या वयात सर्वांत जास्त आढळते ती फायब्रोअॅडिनोमाची, म्हणजे कर्करोग नसलेली, गाठ. बोट ठेवले की ती रबरी गोटीसारखी निसटते आणि पुन्हा शोधावी लागते. तपासणीतून तिची खात्री झाली आणि ती लहान असली, तर काढण्याची गरज नसते. सहा महिन्यांनी सोनोग्राफीत माप घेतले की पुरते. ती वाढत असेल किंवा तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर काढणे बरे. पस्तिशी-पन्नाशीच्या दरम्यान पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, अधिक दिसते. त्रास देणाऱ्या सिस्टमधून सुईने पाणी ओढले, की सिरिंजमध्ये पिवळसर-हिरवट द्रव येतो आणि गाठ हाताखालीच विरघळल्यासारखी नाहीशी होते. द्रव रक्ताळलेला निघाला, किंवा पाणी काढूनही गाठ उरली, तर पुढचा तपास अटळ आहे.

पाळीआधीच्या दुखण्यावर नीट मापाची, आधार देणारी ब्रा आणि वरून लावायचे वेदनाशामक जेल एवढे बहुतेकींना पुरते.

बाळंतिणीची गोष्ट वेगळी आहे. दूध साचून स्तन दगडासारखा झाला, लाल झाला आणि ताप आला, की घरातल्या जाणत्या बायका गरम शेक देतात आणि जोरजोरात चोळतात. चोळल्याने आतली सूज वाढते. त्याऐवजी थंड पट्टी ठेवावी, बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहावे आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक पूर्ण घ्यावे. त्या बाजूचे दूध "नासले" म्हणून पाजणे बंद करू नये. ते बाळाला बाधत नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही तर सोनोग्राफी करून पू झाला आहे का ते पाहतात, आणि पू बहुतेकदा सुईनेच, कधी दोन-तीन वेळा, काढता येतो. मात्र अंगावर न पाजणाऱ्या बाईचा स्तन लाल होऊन सुजला आणि औषधाने दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर बायोप्सी हवीच: दाहासारखा दिसणारा कर्करोग असू शकतो, आणि आपल्या देशात क्षयरोगही विसरून चालत नाही. वारंवार फुटणारे, वाहत राहणारे गळू असेल तर क्षयाची तपासणी मागून घ्यावी.

दोन्ही स्तनांतून दुधासारखा स्राव येत असेल, तर मी आधी गोळ्यांची पिशवी उघडायला लावतो. पित्तासाठी दुकानातून महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळीत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते, आणि त्याने दूध उतरू शकते. गोळी डॉक्टरांना विचारून बदलावी, तसेच रक्तातले प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) आणि थायरॉइड तपासावे. पण न दाबता, एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून पाण्यासारखा किंवा रक्ताळलेला स्राव येत असेल, तर तो थेट शल्यचिकित्सकाला दाखवावा.

तिशीनंतर जवळच्या आरोग्य केंद्रात हाताने स्तनतपासणी करून घेता येते, आणि कोल्हापूर शहरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हे सरकारी रुग्णालय आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले असेल, तर केवळ रिपोर्टचा कागद नको, जुनी फिल्मही सोबत आणावी. गाठ दोन मिलिमीटरने वाढली की नाही, हे जुन्या आणि नव्या फिल्मा शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.