आजोबांचं वीरचक्र कसं ओळखावं, कसं जपावं

आजोबांना १९६५ च्या युद्धात वीरचक्र मिळालं. आता ते माझ्याकडे आहे. तुमच्याही घरी असं पदक असेल, तर आधी फीत बघा. अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असेल तर ते वीरचक्र. अर्धी पांढरी, अर्धी केशरी म्हणजे महावीरचक्र. नुसती जांभळी असते ती परमवीरचक्राची. ते पदक कांस्याचं असतं, बाकीची दोन चांदीची. तिन्ही पदकं २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली, पण लागू १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणून १९४८ मध्ये जम्मूतल्या राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढणाऱ्या रामा राघोबा राणेंनाही परमवीरचक्र मिळू शकलं.

मग पदक हातात घेऊन उजेडात कलतं धरा. वीरचक्राच्या पुढच्या बाजूला पाच टोकांचा तारा आणि मधोमध चक्र. मागे हिंदी-इंग्रजीत पदकाचं नाव, त्या दोन नावांच्या मध्ये दोन कमळं. कडेवर बारीक कोरलेली अक्षरं असतील तर भिंगातून वाचा आणि लगेच वहीत उतरवून ठेवा.

काळं पडलं म्हणून घासू मात्र नका. मी एका दिवाळीत रांगोळी आणि चिंचेनं घासलं, चकाकलंही छान, पण कडेवरचं आजोबांचं आडनाव पुसट झालं. ते आता परत येणार नाही. धूळ मऊ सुती कापडानं टिपा, फीत धुऊ नका, पदक कोरड्या डबीत ठेवा. सन्मानपत्र वेगळं, सपाट ठेवा. घडीवर कागद आधी फाटतो.