रेफरीला आंधळा म्हणण्याआधी: रेफरिंगमधल्या या चुका टाळा

फुटबॉलची मॅच हरली की पहिली शिवी रेफरीला, हे ठरलेलंच आहे. पण टॉप लेव्हलच्या रेफरीला नियम पाठ असतात हो, तिथे तो सहसा चुकत नाही. चुकतो तो भलत्याच जागी उभा राहिल्यामुळे, घाईत शिट्टी फुंकल्यामुळे, नाहीतर रेफरींच्या टीममधल्या आपसातल्या बोलण्यात घोळ झाल्यामुळे.

आधी जागेचं बघू. २०१० च्या वर्ल्डकप फायनलला नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीत सरळ बूट घातला आणि रेफरी हॉवर्ड वेबने यलो कार्ड (नुसती ताकीद) दाखवलं, नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की नीट दिसलं नव्हतं आणि ते रेडच (थेट मैदानाबाहेर) होतं. मॅचमध्ये रेफरी १०-१२ किलोमीटर पळतो, म्हणून सगळे फिटनेस फिटनेस करतात, पण नुसतं जवळ जाऊन उपयोग नाही, दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल असा अँगल पाहिजे, त्यासाठी बॉल पुढे कुठे पडणार हे आधी ओळखून दोन पावलं बाजूला सरकावं लागतं.

दुसरी चूक घाईची शिट्टी. ही तर वीएआरला (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणाऱ्या टीमला) पण निस्तरता येत नाही, कारण शिट्टी वाजली की खेळ थांबला, त्यानंतर बॉल जाळ्यात गेला तरी गोल नाहीच. गोलचा चान्स असेल तर दोन सेकंद थांबा. ऑफसाइड दाखवणाऱ्या असिस्टंटच्या फ्लॅगचं पण तेच, फक्त त्याचा अतिरेक नको, माणूस ढळढळीत ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे) असताना फ्लॅग खालीच ठेवायचा आणि उगाच कुणीतरी धडकून जखमी व्हायचा, हे कशाला?

वीएआर रूममध्ये स्लो मोशनचा मोह फार. स्लोमध्ये कुठलाही टॅकल खुनशी वाटतो राव! टच नेमका कुठे झाला, हँडबॉल होता का, एवढ्यापुरतं स्लो ठीक आहे, जोर किती होता ते नॉर्मल स्पीडलाच बघायचं, प्रोटोकॉलमध्येही तसंच आहे.

आणि सगळ्यात महागात पडते ती बोलण्यातली गडबड. सप्टेंबर २०२३, टॉटेनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा चांगला गोल मैदानावर ऑफसाइड दिला गेला, वीएआरवाल्याने तो ऑनसाइड आहे हे बरोबर ओळखलं पण त्याला वाटलं मैदानावर गोल दिलाय, म्हणून 'चेक कम्प्लीट' बोलून मोकळा झाला आणि खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येईना. म्हणजे लाइन बरोबर, कॅमेरा बरोबर, आणि निर्णय चुकीचा. उपाय अगदी साधा, मैदानावरचा निर्णय काय आणि आपला निर्णय काय हे दोन्ही पूर्ण वाक्यात मोठ्याने बोलायचं आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचं, विमानाचे पायलट करतात तसं.

कार्ड लिहिताना पण हेच. २००६ च्या वर्ल्डकपला रेफरी ग्रॅहम पोलने क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन यलो दिले (खरं तर दोन यलोलाच खेळाडू बाहेर जातो), कारण एक यलो ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरच्या नावावर लिहिलं गेलं होतं, शिमुनिचचा नंबर पण ३ च. नंबरसोबत टीम पण मोठ्याने सांगितली असती आणि असिस्टंट, फोर्थ ऑफिशियल सगळ्यांनी आपापल्या कार्डावर लिहून घेतलं असतं तर दुसऱ्या यलोलाच कुणीतरी कानात ओरडलं असतं.

राहिला रेफरीभोवती जमणारा खेळाडूंचा घोळका. युरो २०२४ ला फक्त कॅप्टनने रेफरीशी बोलायचं असं ठरवलं, बाकी कुणी अंगावर धावून आला तर यलो. ते चाललं कारण पहिल्या मॅचपासून पाळलं. विसाव्या मिनिटाला दहा जणांना ऐकून घ्यायचं आणि ऐंशीव्याला त्याच गोष्टीसाठी कार्ड काढायचं, मग खेळाडू भडकणारच ना.