जिप्समच्या आधी पाण्याला वाट: खारवट-चोपण रानासाठी मे महिन्यातला सल्ला

जायकवाडीच्या कालव्याखालच्या किंवा नाल्याकाठच्या भारी काळ्या रानात उन्हाळ्याच्या शेवटी वर पांढरे फुटते. पांढरे दिसले की जिप्समच्या गोण्या आणायच्या, ही घाई नको. कडक पांढरे खडे असतील आणि कुटून लिंबू पिळल्यावर फसफसले, तर ती चुनखडी. आपल्याकडे ती जागोजागी आहे. मिठासारखी भुकटी आणि खाली भुसभुशीत माती असेल तर रान खारवट. वाळल्यावर दगडासारखे, ओले झाल्यावर चिकट आणि पाऊस पडला की चार-चार दिवस गढूळ पाणी साचून राहणारे रान चोपण. जिप्सम लागते ते चोपणाला, कारण त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम सोडवते. नुसत्या खारवट रानात ते टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

घरी एक परीक्षा करा. काचेच्या ग्लासात पावसाचे किंवा आरओचे पाणी घ्या, त्यात हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ कडे पसरले तर सोडियम जास्त, म्हणजे रान चोपण आहे. बोअरचे पाणी वापरू नका, त्यातले क्षार माती फुटू देत नाहीत आणि निकाल फसवा येतो. खारवट-चोपण अशी दोन्ही लक्षणे असलेली मातीही याच कारणाने नितळ दिसू शकते. म्हणून खराब पट्ट्याचा नमुना चांगल्या रानात न मिसळता वेगळा प्रयोगशाळेत द्या.

अहवाल वाचताना हमखास चूक होते. सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेले, ESP) 15 टक्क्यांच्या वर, म्हणजे चोपण. क्षारता (EC) 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे खारवट, हा प्रसिद्ध आकडा मात्र संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या अर्काचा आहे. बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. त्या पद्धतीत आकडा 1 च्या वर गेला तरी उगवण धोक्यात येते. पद्धत कोणती, ते विचारून घ्या.

जिप्सम टाकायचेच तर अहवालातल्या गरजेच्या निम्मे, बारीक दळलेले, मेच्या अखेरीस सारखे पसरा आणि वखराने वरच्या 10 ते 15 सेंमी मातीत मिसळा. वरचा पांढरा थर आधी खरवडून रानाबाहेर काढा. खोल नांगरट केली तर जिप्सम खाली विखुरते आणि वरचा थर तसाच राहतो. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे एकरी एक टनासाठी साधारण 4 लाख लिटर, एकरभर 10 सेंमी पाणी लागते. ते जूनच्या एका सरीत होत नाही, बांध घालून पाऊस अडवावा लागतो.

पण सुटलेले सोडियम बाहेर जायला वाट नसेल तर ऑक्टोबर हीटमध्ये ते पुन्हा वर येते. उताराच्या बाजूला सुमारे मीटरभर खोल चर काढून नाल्याला जोडा. नाल्याचा तळ चराच्या तळापेक्षा खाली आहे ना, ते आधी पाहा. चर नसताना बाटलीतले ‘क्षार घालवणारे’ औषध घेऊ नका. मीठ बाटलीने जात नाही, ते पाण्याबरोबरच निघते.

मूग, उडीद, हरभरा, कांदा, मोसंबी अशा रानात लवकर हार खातात. कापूस, ज्वारी, करडई त्यातल्या त्यात तग धरतात. सरी-वरंब्यावर बी माथ्यावर नको, बगलेत टोका. पाणी वर चढून सुकते तिथे, म्हणजे माथ्यावरच, मीठ साचते. सुधारणेच्या पहिल्या वर्षी धैंचा एकरी 20 किलो पेरून 45 ते 50 दिवसांनी फुलोऱ्यावर गाडला तर उत्तम.

ठिबकवरच्या मोसंबीवाल्यांनी मृगाच्या पहिल्या हलक्या सरीला ठिबक बंद करू नये. उन्हाळाभर ओलाव्याच्या कडेला जमलेले मीठ त्या सरीने मुळांकडे सरकते आणि पाने कडेने करपतात. सर पडत असतानाच पाणी सुरू ठेवा, चांगला जोराचा पाऊस होईपर्यंत.