कोल्हापुरात लायलॅकसारखी जांभळी बॉर्डर पाहिजे? मृगाच्या आधी ही तयारी करून ठेवा

लायलॅकच्या जांभळ्या तुऱ्यांचे फोटो बघून आमच्या कंपाउंडच्या कडेला हे लागेल का असं विचारणारे लई जण आहेत, म्हणून खड्डे मारायच्या आधीचं पहिलं काम म्हणजे नक्की कुठलं झाड लावायचं ते ठरवा. खरं लायलॅक म्हणजे सिरिंगा वल्गॅरिस, मूळचं बाल्कनच्या डोंगराळ भागातलं. आपला मोगरा, पारिजातक ज्या घराण्यातले त्याच घराण्यातलं ते, पण त्याच्या फुलकळ्यांना हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे कडाक्याची थंडी लागते, साधारण 7 अंशांच्या खालची, मगच त्या उमलतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी 14-15 अंशांच्या आसपास असतो. झाड कसंबसं जगेलही, पानं येतील, फुलं नाहीत. मुळाशी बर्फ टाका म्हणून कोण सांगितलं तर ते ऐकू नका, ही थंडी कळ्यांना लागावी लागते, मुळांना नाही. हिमालयात सिरिंगा इमोडी नावाचं आपल्या देशातलं लायलॅक आहे खरं, पण ते दोन हजार मीटरच्या वरचं, पन्हाळ्यावर नेऊन लावलं तरी त्याचं भागायचं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, तसलाच जांभळा रंग आणि फांदीच्या टोकाला भरगच्च तुरे पाहिजेत तर क्रेप मर्टल लावा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत लायलॅक नीट फुलत नाही, तिथं लोकांनी हेच लावलं आणि त्याला दक्षिणेचं लायलॅकच म्हणायला लागले. आपल्या ताम्हणाचं, म्हणजे राज्यफुलाचं, हे धाकटं भावंड. नर्सरीत लॅजरस्ट्रोमिया इंडिका म्हणून मागा, काही जण सावनी म्हणतात. ताम्हणच का नको, तर तो मोठा वृक्ष होतो, भिंतीलगतच्या बॉर्डरचं काम त्याचं नव्हे. आणि ऑनलाइन नुसतं लायलॅक लिहिलेलं बियांचं पाकीट घेऊ नका, पर्शियन लायलॅक असं नाव दिसलं तर ते बहुतेक बकाणनिंब असतं, तेही मोठं झाड आणि त्याची फळं विषारी, घरात बारकी पोरं असतील तर नकोच.

झाड ठरलं की एप्रिल-मेमध्ये ऊन मोजायचं. क्रेप मर्टलला दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन पाहिजे, सावलीत पानं येतात, तुरे कमी येतात आणि भुरी, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी, पडते. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, मे ते जुलै सूर्य दुपारी आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडं सरकलेला असतो, त्यामुळं भिंतीच्या उत्तरेची जागा मे महिन्यात छान उन्हाची दिसते आणि तीच दिवाळीनंतर पूर्ण सावलीत जाते. हिवाळ्यात हे झाड पानं गाळून बसतं तेव्हा त्या सावलीनं फार बिघडत नाही, पण मार्च ते ऑक्टोबर ऊन मिळतंय का ते बघा, आणि शेजारच्यांच्या बांधकामाचा अंदाज पण घ्या, पुढच्या वर्षी तिथं दुसरा मजला चढणार असेल तर जागा आत्ताच बदला.

आता माती, आणि खरं सगळं इथंच ठरतं. नदीकडच्या, म्हणजे बावड्याकडच्या बाजूला काळी माती, पश्चिमेला जाल तसा तांबडा जांभा, आणि नव्या कॉलन्यांत तर मुरूम टाकून केलेला भराव, त्याच्यात बांधकामाचं रॅबिट, सिमेंटचे ढेपळे, चुना सगळं असतं. दीड फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू दे, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर काम झालं, दुसऱ्या दिवशी सकाळीपण तिथंच उभं असेल तर आपल्या जुलैच्या पावसात मुळं कुजणार हे नक्की समजा. तशा जागी खोल खड्ड्याच्या मागं लागूच नका, उलट अख्खी बॉर्डर नऊ इंच ते एक फूट उंच करा, कडेला जांभ्याचे चिरे लावा आणि पाणी भिंतीकडं न जाता बाहेर जाईल असा उतार द्या. काळ्या मातीत नुसती वाळू ओतून निचरा होत नाही, शेणखत आणि पालापाचोळा भरपूर गेला तरच ती मोकळी होते. भराव असेल तर रॅबिट वेचून काढायला दोन माणसं एक दिवस लावा, तो खर्च वाचवू नका, सिमेंट-चुन्याच्या जागेत या झाडाची पानं पिवळी पडतात, मग वर कितीही खत घातलं तरी काय उपयोग.

खड्डे मेच्या मध्यापर्यंत मारून ठेवा, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल, भिंतीपासून तीन फूट सोडून आणि एकमेकांपासून पाच फुटांवर (बुटकी जात असेल तर तीन फूट पुरे). रोहिणी नक्षत्र संपेपर्यंत ते उघडेच तापू देत, जुनी माणसं करायची तसंच. तोवर खत बघा. शेणखत दोन भाग मातीला एक भाग, पण पूर्ण कुजलेलं, हातात घेतलं तर वास न येणारं. ट्रॉली घरी आली की ढीग पसरून त्याच्यात वाकडी पांढरी अळी आहे का ते स्वतः बघा, ती हुमणी. उसाच्या पट्ट्यात राहतो आपण, वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतात, अंडी जमिनीत घालतात, आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून अळ्या थेट तुमच्या नव्या रोपाच्या मुळाशी येतात. दिसल्या तर वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका, खत चार-पाच दिवस उन्हात पसरा. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) स्वस्तात मिळते म्हणून ताजीच आणून खड्ड्यात घालू नका, ती तापते आणि मुळं भाजतात, कुजवलेली असेल तर उत्तम. खड्ड्याला दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घाला. युरिया अजिबात नको, नत्र जास्त झालं की नुसती हिरवी वाढ.

रोप घ्यायला जूनमध्येच जा, कारण तेव्हा एखादा तरी तुरा फुललेला असतो आणि रंग डोळ्यांनी बघून घेता येतो. गुलाबी, पांढरा, लालसर, जांभळा सगळे येतात आणि नुसत्या पानांवरून फरक कळत नाही, जांभळा म्हणून आणलेलं गुलाबी निघालं की अख्खी रांग विचित्र दिसते. उंच एककाठी रोपापेक्षा बुडातून तीन-चार फांद्या आलेलं बुटकं रोप घ्या. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन गोल वळली असतील तर ते सोडा.

एक उणीव आधीच सांगते, क्रेप मर्टलला लायलॅकसारखा वास नाही. म्हणून पुढच्या ओळीत मोगरा धरा, त्याला पण तेच ऊन आणि तीच निचऱ्याची माती लागते, आणि त्याचा बहर उन्हाळ्यात, याचा पावसाळ्यात, म्हणजे बॉर्डर रिकामी पडत नाही. गेटावर मांडव असेल तर पेट्रियाची वेल चढवा, तिचे लोंबते जांभळे घोस फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात आणि मधलं गर्द फूल गळालं तरी बाहेरच्या फिकट चांदण्या बरेच दिवस तशाच राहतात. लांबून बघणाऱ्याला ती लायलॅकच वाटते.

मृगाचे दोन बरे पाऊस झाले, माती वीतभर खोल ओली झाली की लावा. पिशवी फाडा पण मातीचा गोळा फोडू नका, रोप पिशवीत होतं त्याच पातळीवर ठेवा, बुंध्याशी माती चढवू नका. काठीचा आधार द्या, जुलैतला वारा नव्या रोपाला हलवून मुळं सुटी करतो. पावसाळ्यात पानांवर पांढरी पावडर दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा, मावा आला तर निम तेल. तुरा सुकला की कापून टाका, खाली नवीन फूट येऊन परत फुलतं.

पाऊस संपला की बुंध्यापासून चार बोटं सोडून उसाचं पाचट तीन-चार इंच पसरा, आपल्याकडं ते हवं तेवढं मिळतं आणि उन्हाळ्यात पाणी निम्मं वाचतं. छाटणीसाठी धारदार कात्री आत्ताच घेऊन ठेवा. इंटरनेटवर लायलॅकच्या छाटणीचे व्हिडिओ बघून तसं करू नका, लायलॅक जुन्या फांदीवर फुलतं म्हणून ते बहर संपल्या संपल्या छाटतात, क्रेप मर्टल नव्या फुटीवर फुलतं, त्यामुळं याची छाटणी जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नवे कोंब फुटायच्या आधी. पेन्सिलपेक्षा बारीक आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढा, खुंट राहतील असं सपासप तोडू नका. मोगऱ्याची छाटणी पण त्याच सुमाराला करून घ्या, मग दोन्हीला एकदमच शेणखत देऊन पाणी सुरू करता येतं.