डकोटाचा सांगाडा दुरुस्त करताना आधी पोट उघडा, रंग शेवटी

जुनं डकोटा विमान हाती आलं की सगळ्यांना घाई असते ती रंगाची आणि हवाई दलाच्या गोल खुणांची. आपल्या हवाई दलाचं परशुराम नावाचं डकोटा २०१८ला ब्रिटनहून उडत आलं, शेपटीवर व्हीपी ९०५, म्हणजे १९४७ला श्रीनगरला सैन्य पोचवणाऱ्या डकोटाचा नंबर, ते बघून अंगावर काटा येतो हे मान्य. पण रंग शेवटी.

आधी फ्लोअर काढा आणि पोटात टॉर्च मारा. पाणी, चिखल, टॉयलेटची गळती, सगळं तिथेच साचतं, बाहेरून चकाचक पत्रा आतून खाल्लेला निघतो. अ‍ॅल्युमिनियमवर लाल गंज नसतो, पांढरी भुकटी दिसते, आणि पत्र्याला पापुद्रे सुटले असतील तर घासून काही होत नाही, तो तुकडा बदलायचाच. वायर ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको, वरचा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर जातो आणि लोखंडाचे कण अडकून पुन्हा गंज धरतो. जुना पिवळा-हिरवा प्रायमर झिंक क्रोमेटचा असतो, त्याच्या धुळीने कॅन्सर होऊ शकतो, म्हणून कोरडा घासू नका, चांगला मास्क लावा.

पत्रा काढण्याआधी बॉडीला खालून नीट आधार द्या कारण इथे पत्राच वजन पेलतो, भरपूर फोटो काढा, एका वेळी एकच पत्रा काढा.

आता रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, इथेच सगळे घाई करतात. डोक्याच्या मधोमध बारीक खळगा असतो, ड्रिलचं टोक तिथे आपोआप बसतं. १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचं ड्रिल, फक्त डोक्याइतकंच खोल, मग पंच घालून किंचित वाकवलं की टोपी टक्कन उडते, उरलेली दांडी मागून आधार धरून हळू ठोकून काढायची. आरपार ड्रिल मारलंत तर भोक लंबगोल होतं आणि जाडा रिव्हेट घालावा लागतो.

नवा पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड, म्हणजे वर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला मिश्रधातूचा, जाडी मायक्रोमीटरने चांगल्या जागी मोजून. जुना पत्रा वर ठेवून भोकं उतरवा, कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर राहिलंच पाहिजे. क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना, लावून बसवून बघा, परत काढा, भोकांच्या कडा साफ करा, प्रायमर मारा, मगच रिव्हेट. रिव्हेटची दांडी तिच्याच जाडीच्या दीडपट बाहेर हवी, ठोकल्यावर मागचं डोकं दीडपट रुंद आणि निम्म्या जाडीइतकं उंच. रिव्हेट ठोकायच्या गनवर एक, मागे बकिंग बार, म्हणजे जड धातूचा ठोकळा, धरून दुसरा, आणि दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचं, गन सरकली की पत्र्यावर चंद्रकोर उमटते, ती जात नाही.