जुन्या स्पोर्ट्‌स कारचं साल निवडताय? या चुका टाळा

जुन्या स्पोर्ट्‌स कारचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं साल घ्यावं? उत्तरंही ठरलेली असतात. हे साल सोन्यासारखं, ते साल डोळे झाकून सोडा. ही उत्तरं खोटी नसतात, पण अर्धीच असतात. एखादं साल वाईट म्हणतात, तेव्हा त्या साली कारखान्यातून निघालेल्या गाड्यांत एखादी ठरावीक खोट होती, एवढाच त्याचा अर्थ. त्याला आता चाळीस-पन्नास वर्षं झाली. मधल्या काळात ती खोट कुणी नीट काढली, कुणी तशीच ठेवली, की काढायला जाऊन आणखी वाढवली, हे साल सांगत नाही. ते समोरची गाडीच सांगते. साल कळल्यावर टॉर्च घेऊन नेमकं कुठे वाकून बघायचं ते मात्र कळतं, आणि सालाचा खरा उपयोग तेवढाच.

जाहिरातीतलं साल खरं धरणं

‘1974 मॉडेल’ म्हणजे 1974 साली बनलेली गाडी, असं धरून चालू नका. अमेरिकेत मॉडेल वर्ष साधारण आधीच्या वर्षाच्या शरद ऋतूतच सुरू होतं. त्यामुळे ऑक्टोबर 1973 मध्ये बनलेली गाडी तिथे 1974 ची म्हणून विकली गेली. इतर अनेक देशांत कागदावर पहिल्या नोंदणीची तारीख येते, आणि शोरूममध्ये धूळ खात पडून राहिलेली गाडी कागदोपत्री वर्षभराने तरुण होते. शेव्हरलेच्या कॉर्व्हेटचं उदाहरण घ्या. संपामुळे 1969 चं मॉडेल 1969 संपेपर्यंत बनत राहिलं आणि 1970 च्या गाड्या जानेवारी उजाडल्यावर सुरू झाल्या. म्हणजे नोव्हेंबर 1969 मध्ये बनलेली कॉर्व्हेट 1970 ची म्हणून कुणी खपवत असेल, तर तो एक तर अजाण आहे किंवा फार हुशार.

खात्री करायच्या जागा ठरलेल्या आहेत. अमेरिकेत विकलेल्या डॅटसन 240झेडवर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला पट्टी असते, तिच्यावर बनल्याचा महिना आणि साल कोरलेलं असतं. दार नवीन बसवलं तरी चौकट सहसा जुनीच राहते. 1981 पासून अमेरिकी बाजारातल्या गाड्यांचा चेसिस नंबर सतरा अक्षरी झाला आणि त्यातलं दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं: बी म्हणजे 1981, एच म्हणजे 1987, वाय म्हणजे 2000, त्यानंतर आकडे. आय, ओ, क्यू, यू, झेड ही अक्षरं या जागी येत नाहीत. एमजीसारख्या ब्रिटिश गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कधी बनली, कोणत्या रंगात आणि कोणत्या बाजारासाठी निघाली, हे त्यावर असतं. विकणारा म्हणाला ‘कागद नंतर देतो’, तर पैसेही नंतरच द्या.

पहिल्या वर्षाची भुरळ

संग्राहकांना पहिलं साल हवं असतं, आणि किंमतही त्यालाच चढते. चालवायला गाडी हवी असणाऱ्याने त्या गर्दीत शिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्याने ज्या चुका पुढच्या वर्षी सुधारल्या, त्या सगळ्या पहिल्या वर्षाच्या गाडीत शाबूत असतात.

जग्वार ई-टाईप 1961 मध्ये आली तेव्हा तिच्या 3.8 लिटर गाडीचा गिअरबॉक्स पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर बदलताना दात अलगद जुळवणारी यंत्रणा) नसलेला, जड हाताचा होता. सीटही लांबच्या प्रवासात पाठ धरणाऱ्या. ऑक्टोबर 1964 मध्ये 4.2 लिटर इंजिन आलं, त्याच्यासोबत सगळ्या गिअरना सिंक्रोमेश, सुधारलेले ब्रेक आणि बसण्याजोग्या सीट आल्या. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच. ज्याला रोज नाही, पण महिन्यातून चार वेळा तरी गाडी काढायची आहे, त्याने 4.2 शोधावी.

1968 ची कॉर्व्हेट तर फिटिंगच्या बाबतीत बदनामच झाली. पाणी गळणं, इंजिन तापणं, दारं नीट न बसणं, काय नव्हतं? 1969 ला बरंच सुधारलं. दोन्ही ओळखणं सोपं: 1968 ला दार उघडायचं वेगळं बटण असतं आणि चावी डॅशबोर्डवर लागते, 1969 ला बटण गेलं आणि चावी स्टिअरिंग कॉलमवर आली. पुढच्या पिढीतही तोच प्रकार. 1983 चं मॉडेल बाजारात आलंच नाही; 1984 ची आली ती क्रॉस-फायर नावाचं इंधन इंजेक्शन आणि दगडासारखं सस्पेन्शन घेऊन. 1985 मध्ये ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन आलं आणि सस्पेन्शनही जरा सैल केलं.

मग शेवटचं साल डोळे मिटून घ्यावं का? तेही नाही. 240झेडचं शेवटचं 1973 चं साल अमेरिकेत प्रदूषणाच्या नियमांसाठी सपाट डोक्याचे कार्ब्युरेटर घेऊन आलं. गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी सुरू करायला गेलं की ते हटून बसायचं. जाणकार ते काढून आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे लावतात. तसे लावलेले दिसले तर भाव पाडायचं ते कारण नव्हे, उलट आधीचा मालक गाडी चालवत होता याची ती खूण आहे.

हॉर्सपॉवरच्या आकड्यांवरून साल ठरवणं

कॉर्व्हेटच्या साध्या 350 इंजिनाचे कागदी आकडे: 1970 ला 300, 1971 ला 270, 1972 ला 200. दोन वर्षांत शंभर घोडे पळाले, असं वाटतं. 1971 ला कॉम्प्रेशन खरंच कमी केलं, तो उतार खरा. पण 1972 ची घसरण मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतली आहे. तोवर इंजिन टेबलावर, बाकीची यंत्रं न जोडता, मोकळ्या एक्झॉस्टने मोजायचे. 1972 पासून गाडीत बसल्यावर जसं असतं तसं, एअर क्लिनर आणि सायलेन्सरसकट मोजायला लागले. 1971 चंच इंजिन नव्या पद्धतीने मोजलं तर 210 भरतं. म्हणजे 1971 आणि 1972 यांत फरक दहा घोड्यांचा, आणि त्यासाठी लोक जादा पैसे मोजतात. 1975 ला मात्र आकडा 165 वर आला. तिथे खरंच दम गेला.

‘वाईट साल’ म्हणून चांगली गाडी सोडणं

इथे पोर्श 911 चं उदाहरण सविस्तर घ्यायला हवं, कारण सालांवरून सर्वात जास्त वाद याच गाडीवर होतात.

1974 ते 1977 ची 2.7 लिटर 911 बदनाम आहे आणि कारण खरं आहे. क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, मॅग्नेशियमची, सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचे, आणि हेड धरून ठेवणारे स्टड पोलादाचे. ॲल्युमिनियम तापून पोलादापेक्षा जास्त फुगतं. ताण येतो स्टडवर, स्टड ओढतो मॅग्नेशियममधले आटे, आणि मऊ मॅग्नेशियमचे आटे सुटून येतात. अमेरिकेत त्यात भर म्हणून एक्झॉस्टला थर्मल रिॲक्टर, म्हणजे धुरातलं उरलेलं इंधन जाळणारे डबे, लावले गेले. त्यांनी हेडच्या बुडाशी भट्टीच पेटवली. 1978 ला 911 एससी आली ती ॲल्युमिनियमची क्रँककेस घेऊन, आणि हा विषय मिटला. म्हणून लोक म्हणतात, 1978 च्या पुढची घ्या.

पण गोष्टीचा दुसरा भाग क्वचित सांगितला जातो. 911 चा सगळा पत्रा जस्ताच्या मुलाम्याने संरक्षित झाला तो 1976 च्या मॉडेलपासून. म्हणजे 1976-77 ची गाडी इंजिनाने दुबळी, पण अंगाने आधीच्या सगळ्या 911 पेक्षा टणक. इंजिन उघडून केसमध्ये पोलादी थ्रेड इन्सर्ट, म्हणजे नवे आटे असलेल्या नळ्या, बसवता येतात, आणि चांगल्या मिस्त्रीने ते एकदा केलं की आटे पुन्हा सहसा त्रास देत नाहीत. मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या टॉर्शन बार ट्यूबचा गंजलेला भाग किंवा दाराखालची पोकळ पट्टी नव्याने उभी करणं हे त्याहून कितीतरी किचकट काम. इन्सर्ट बसवल्याचं बिल असलेली 1977 ची गाडी आणि चकचकीत रंगाची, बॅटरीच्या ट्रेखाली पोखरलेली 1973 ची गाडी समोर उभी असेल, तर मी पहिलीच घेईन. बिलात नुसतं ‘इंजिन ओव्हरहॉल’ लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. इन्सर्टचा, स्टडचा उल्लेख हवा, आणि केस कुणी मशीन केली तेही कळायला हवं.

आता तो एससीचा देवपणा. एससीतही खालच्या रांगेतले डिलाव्हार या खास मिश्रधातूचे स्टड मोडतात. आटे सुटत नाहीत, स्टडच तुटतो. ते कळतं व्हॉल्व्ह ॲडजस्ट करताना: खालचं कव्हर काढलं की आत तेलात सुटा नट पडलेला सापडतो. खरेदीआधी कव्हर काढून दाखवायला विकणारा तयार नसेल, तर कारण विचारा. दुसरं, एससीचे टाईमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर चालणारे नव्हते. ते एससीनंतर आलेल्या 1984 च्या 911 कॅरेरा 3.2 पासून आले. बहुतेक एससींवर नंतर कॅरेराचे टेन्शनर चढवलेले असतात, आणि त्यांना जाणारी तेलाची बारीक नळी चेन कव्हरपाशी डोळ्यांना दिसते. तिसरं, थंड इंजिन सुरू होताना उलटा फटका (बॅकफायर) बसला की इंजिनात हवा नेणारा प्लॅस्टिकचा डबा, म्हणजे एअरबॉक्स, तडकतो. त्यावर दाब वाढला की उघडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय का ते एअर फिल्टर काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

1987 ला जी50 गिअरबॉक्स आला आणि तेव्हापासून 1987 ते 1989 च्या कॅरेरांचा भाव चढलेला आहे. गिअरबॉक्स चांगलाच आहे, वाद नाही. पण त्याआधीचा 915 नीट जुळवलेला असेल तर त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. सकाळी थंड असताना दुसऱ्या गिअरला किरकिरला तर सिंक्रो झिजलेत. गरम झाल्यावर सरळ पडला म्हणून फसू नका. विकणारे गाडी आधीच गरम करून ठेवतात, ते यासाठीच. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवायचा तर 911 मध्ये मागच्या बाजूला ठेवा, एवढं लक्षात असू द्या.

वर्षाच्या मधोमध झालेले बदल विसरणं

1974 ची एमजीबी म्हटली की दोन वेगळ्या गाड्या होतात. त्या वर्षाच्या उत्तरार्धात अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीड इंच उचलली गेली. वळणावर गाडी कलू न देणारा पुढचा अँटी-रोल बारही काढला, तो 1977 च्या मॉडेलला परत आला. मधल्या गाड्या वळणावर लोळतात. आता बरेच जण रबरी काढून क्रोमचे बंपर लावतात, पण उंची तशीच राहते. चाकाच्या वरचा अर्धगोल आणि टायर यांत मूठ सहज आत जात असेल, तर बंपर कितीही चमकले तरी गाडी नंतरची आहे. सीटच्या मागचं झाकण उचलून बघा: जुन्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या दोन पेट्या असतात, नंतरच्यांत एकच.

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 चं असंच. 1989 पासून 1991 च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. टाईमिंग बेल्ट बदलताना तिथला बोल्ट नीट कसला नाही, तर पुली शाफ्टला धरून ठेवणाऱ्या छोट्या धातूच्या चावीची खाच झिजते आणि पुली डगमगायला लागते. त्यासाठी चेसिस नंबर पाठ करायची गरज नाही. इंजिनासमोर वाकून खालच्या पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजा: चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर लांब. चार निघाल्या म्हणून गाडी सोडू नका. इंजिन सुरू ठेवून पुली बघा. फिरताना लचकत नसेल आणि बेल्टचं काम जबाबदार हाताने झालं असेल, तर ती अजून बरीच चालेल.

गाडी घेऊन झाली असेल तर

एमएक्स-5 ची पुली लचकतेय आणि पिकअप हळूहळू कमी होतोय, तर गाडी चालवणं लगेच थांबवा. पुढे शाफ्टच जातो. एससी थंडीत फटका मारून सुरू झाली आणि मग आयडलला धडपडत राहिली, तर आधी एअरबॉक्सला तडा शोधा. इंजेक्शनला हात लावायचा तो त्यानंतर. 911 च्या 2.7 इंजिनात जोर दिल्यावर हेडजवळून फुस्स-फुस्स असा आवाज येत असेल आणि त्या बाजूला तेल ओलं दिसत असेल, तर आटे सुटल्याची शंका घ्या आणि वरवर नट कसायच्या फंदात पडू नका, उरलेले आटेही जातील.

क्लासिकच्या उंबरठ्यावर असलेली 996, म्हणजे 911 ची नंतरची पिढी, घेतली असेल तर इंटरमीडिएट शाफ्टच्या (क्रँकशाफ्टची गती टाईमिंग चेनकडे नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा विषय कानावर आलाच असेल. सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं, 2000 च्या सुमारापासून एका रांगेचं, आणि एका रांगेचं जास्त बदनाम. टर्बो आणि जीटी3 यांचं इंजिनच वेगळं, त्यांना हा त्रास नाही. इथेही सालावर विसंबून चालत नाही, कारण अनेक गाड्यांत वॉरंटीतच दुसरं इंजिन बसवलं गेलं आहे. इंजिन नंबर काढून घ्या. दर ऑइल बदलाला जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा आणि उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर चुंबक लावा; चुंबकाला चिकटले तर गाडी सुरू न करता उचलून मिस्त्रीकडे न्या.